दोन गोळ्यांमधलं अंतर

यांच्या टाचेवरचा काळा डाग आम्ही बरीच वर्षं बिब्ब्याचा समजत होतो.

हे म्हणजे माझे यजमान, सुकुमार पाटील. सांगलीपासून जवळच, कृष्णाकाठी आमचं गाव. हळद आणि ऊस. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा गावात रानात चप्पल घालून जाणारा माणूस म्हणजे एक तलाठी. बाकी सगळे अनवाणी. उसाचं पाचट, बाभळीचा काटा, तुरीचा खुंट, काही ना काही रोज पायात मोडायचं. सासूबाई दिवेलागणीच्या आधी चुलीपुढं बसायच्या, सुईला बिब्बा टोचून तो विस्तवावर धरायच्या आणि सुटलेलं तेल काट्याच्या जागेवर टेकवायच्या. चर्र व्हायचं. दुसऱ्या दिवशी ठणका गेलेला असायचा, डाग तेवढा मागं राहायचा. आमच्या घरात बिनडागाचा तळपाय पाळण्यातल्या पोराचाच.

म्हणून यांच्या डाव्या टाचेवरचा एक डाग जरा जास्तच काळा झाला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. दर दिवाळीला तेल लावताना माझ्या बोटाखाली तो यायचा. टीपकागदावर शाई पसरावी तशा त्याच्या कडा पसरत होत्या. दुखत नव्हता, खाजत नव्हता. दुखेल त्याचीच आम्ही दखल घेणारी माणसं. शेवटी तो चिघळला आणि अंथरुणाला चिकटायला लागला, तेव्हा आमच्या सम्मेदनं पाहिला. सम्मेद आमचा एकुलता मुलगा, साताऱ्याला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यानं बापाचा पाय मांडीवर घेतला, मोबाइलचा उजेड पाडला आणि दुसऱ्या दिवशी सांगलीच्या डॉक्टरांचा नंबर लावला.

कातडीचा कॅन्सर निघाला. त्याचं नाव मेलानोमा. गावात कुणाला खरंच वाटेना. कॅन्सर म्हणजे तंबाखूवाल्यांचा, तोंडाचा, एवढंच आम्हाला माहीत. यांनी तर जन्मात सुपारीसुद्धा तोंडात टाकली नव्हती. आमच्या देवळातले उपाध्ये घरी येऊन म्हणाले, "पाटील, तळपायाला कसला हो कॅन्सर? तिथं काय हाय?" यावर हे म्हणाले, "तिथं मी हाय की उभा. साऱ्या जन्माचा."

टाचेचा तुकडा काढला, मांडीची कातडी तिथं लावली, जांघेतली गाठही काढली. पुढचं वर्ष चांगलं गेलं. हे चपला घालून, जरा लंगडत का होईना, हळदीच्या रानात जायला लागले.

मग श्रावणात एका सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, ते घडलं. वेदीसमोर उभं राहून हे णमोकार म्हणत होते आणि मधेच थांबले. मला वाटलं, डोळे मिटून ध्यान करताहेत. पण उजव्या मुठीतले तांदूळ एकेक करून फरशीवर पडत होते आणि यांना ते कळत नव्हतं. जो मंत्र झोपेतही ओठांवर असायचा, त्याची पुढची ओळ यांना सापडत नव्हती. थोड्या वेळानं सापडली. घरी येताना वाटेत मला म्हणाले, "चंदनबाला, कुनी तरी आतनं दार लावल्यागत झालं बघ."

यांनी मला पूर्ण नावानं हाक मारली की मला भीती वाटते. एरवी 'अगं'वरच भागतं.

मेंदूच्या फोटोत डाग दिसले. टाचेवरचंच बी तिथवर गेलेलं. आमच्या डॉक्टर अपेक्षा वयानं तशा लहान, पण बोलणं कधी घाईचं नाही. त्यांनी कागदावर डोक्याचं चित्र काढून सगळं समजावलं. पुण्याला एकाच दिवशी, डोक्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून, नेमके किरण त्या डागांवर सोडायचे. त्यानंतर सांगलीलाच दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध. ते औषध कॅन्सरला स्वतः मारत नाही, शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करतं. शिवाय झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक.

"बरे होतील का?" सम्मेदनं विचारलं.

"पूर्वी या टप्प्यावर आमच्या हातात फारसं काही नसायचं," त्या म्हणाल्या. "आता काही जणांत हा आजार वर्षानुवर्षं थोपून राहतो. काही जणांत नाही राहत. तुमच्या वडिलांचं कोणतं, ते मी आज सांगू शकत नाही."

 मग हे म्हणाले, "डॉक्टर, माझं एकच हाय. शुद्ध राहील न्हवं?"

त्यांना ते नीट कळलं नाही. मला कळलं. माझे सासरे गेले तेव्हा मी नवी सून होते. दम्यानं थकलेले, पण भिंतीला टेकून बसलेले, आणि घरभर माणसं. सासऱ्यांनी एकेकाचं नाव घेऊन क्षमा मागितली, माझीसुद्धा. काल आलेल्या पोरीची कसली क्षमा मागायची? पण त्यांनी मागितली, आणि मंत्र म्हणत म्हणत गेले. तसं मरण आमच्यात भाग्याचं मानतात. यांनी आयुष्यभर दुसरं काही मागितलं नाही. "मरायचं भ्या न्हाई," हे डॉक्टरांना म्हणाले, "पर आंधारात जायचं न्हाई. शुद्धीत जायचं. तेवढं तुमच्या औषधानं होत आसंल तर मी म्हनाल ते करतो."

"प्रयत्न त्यासाठीच आहे," डॉक्टर म्हणाल्या.

पुण्याला जायच्या आधी यांनी महाराजांचं दर्शन घ्यायचं ठरवलं. त्या वर्षी शेजारच्याच गावात एका दिगंबर मुनी महाराजांचा चातुर्मास होता. हे पुढं बसले आणि आजार संपेपर्यंत एकाशनाचा नियम मागितला. म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत, काय खायचं-प्यायचं ते. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. महाराज म्हणाले, "औषध चालू आहे. औषधाची नि त्याबरोबरच्या पाण्याची सूट ठेवा."

"सूट नको, महाराज," हे म्हणाले. "आपण घेता तसंच."

महाराज हसले. आग्रह केला नाही.

आपण घेता तसंच, याचा अर्थ आमच्या घरात कुणाला सांगावा लागत नाही. मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. पाणी तेव्हाच आणि आजारी असले तर औषधही तेव्हाच. माझं लग्न झाल्यापासून आमच्या अंगणात किती महाराजांचे आहार झाले असतील. सोवळ्यानं पाणी गाळायचं, दळण वेगळं, आणि महाराजांना खोकला असला की सुंठीचा काढा, वैद्याचं चूर्ण, सगळं त्याच ओंजळीत. सासूबाई मला शिकवायच्या, "औशीद आधी न्हाई, मागनं न्हाई. आहारातच." म्हणून मीही तसंच करायला लागले. सकाळी दहाच्या सुमाराला यांचं ताट मांडायचं आणि ताटाशेजारी एका वाटीत सकाळच्या-संध्याकाळच्या सगळ्या गोळ्या. हे भक्तीनं घ्यायचे, मी भक्तीनं द्यायची. सम्मेदला माहीत होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही माहीत होतं. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

पुण्याचं काम निर्विघ्न झालं. सांगलीत सलाइन सुरू झालं. त्या खोलीत आरामखुर्च्या मांडलेल्या असतात, शेजारी शेजारी. यांच्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा लालासाहेबांची असायची. औंधचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त. त्यांना मूत्रपिंडाचा कॅन्सर होता, औषध मात्र दोघांचं सारखंच. लालासाहेबांच्या मिशा पांढऱ्या आणि आवाज सबंध वॉर्डाला पुरेल एवढा. त्यांच्या पत्नी अंबूबाई माझ्याजवळ बाकावर बसायच्या.

"आवं पाटील," लालासाहेब म्हणायचे, "बाटली चढती तवर चार घास खावं की मानसानं. आमच्या हिनं झुणका आनलाय."

"माझं झालं सकाळी. आता उद्या."

"उद्या? आन पानी?"

"ते बी उद्याच."

"आरं तिच्या! वाळवंटात डूटी केली मी, तिथं बी पान्याचा कॅन मिळायचा. तुमची पलटन लय कडक हाय गड्या." मग अंबूबाईंकडं वळून, "बघ. न्हाईतर मी. यमाईच्या उपासाला बी साबुदान्याचं पातेलं पुसून खातो."

"पातेलं न्हवं, पातेली," अंबूबाई म्हणायच्या.

हे हसायचे. पहिल्या दोन-तीन खेपांना हसायचे. नंतर कमी झालं.

दुपारी यांना गुंगी यायला लागली. जेवण झाल्यावर तासाभरात मान लटकायची. हाक मारली तर डोळे उघडायचे, पण नजर माझ्यावर ठरायची नाही. शब्द चुकायचे, चपलेला तांब्या म्हणायचे, आणि मी दुरुस्त केलं की चिडायचे. या माणसानं आमच्या साऱ्या संसारात माझ्यावर आवाज चढवला नव्हता. एकदा पाटाला लाथ मारली. संध्याकाळी डोकं जरा निवळलं की स्वतःच विचारायचे, "दुपारी मी काय बोललो?" मी म्हणायची, "काय न्हाई." ते म्हणायचे, "खोटं बोलू नगंस. तुला जमत न्हाई."

दिवाळीला सम्मेदनं आम्हाला साताऱ्याला नेलं. त्याच्या गॅलरीतून समोर अजिंक्यतारा दिसतो. पहाटे उजाडायच्या सुमाराला मी पणत्या भरत होते, तेवढ्यात आतून पलंगाचा खडखड आवाज आला. यांचा उजवा हात झटके देत होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. सम्मेदनं त्यांना कुशीवर वळवलं. थोड्या वेळात थांबलं, पण दुपारपर्यंत यांच्या तोंडातून शब्द नाही. दोन दिवसांनी पुन्हा तसंच, पुन्हा पहाटे.

डॉक्टर अपेक्षांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या नियमित आहेत ना? एखादी चुकली?"

"एकपन न्हाई," मी सांगितलं. "मी सोताच्या हातानं देते."

ते खरंच होतं. त्यांनी गोळीची ताकद वाढवली. गुंगी आणखी वाढली आणि पहाटेचे झटकेही थांबेनात.

गावी परत आलो तेव्हा यांनी ठरवलेलं होतं. संध्याकाळची वेळ, डोकं साफ असायची ती. सम्मेद आणि मी दोघंही समोर. "आता बास," हे म्हणाले. "औशीद चाललं तवर चाललं. अजून संध्याकाळच्या येळंला मी हाय. ही बी जायच्या आत मला महाराजांकडं न्या. मी सल्लेखना मागतो."

सल्लेखना म्हणजे शरीर आता परत येणार नाही असं पटल्यावर, समजून-उमजून, गुरूंच्या आज्ञेनं एकेक आहार कमी करत शेवटाकडं जाणं. आमच्या घराण्यात दोघांनी घेतलेली आहे. त्यांची नावं बस्तीच्या भिंतीवर आहेत. लग्न झाल्यापासून मी ती पाहत आलेय, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मला ती वाचावीशी वाटेना.

"अण्णा, आधी फोटो काढू या," सम्मेद म्हणाला. "वाढलंय का ते तरी बघू."

"फोटो काढ. पर ऐक, डाग मला दिसत न्हाईत. मला दुपार दिसती. दुपारी मी नसतोय."

मला काय वाटत होतं ते मी कुणाला बोलले नाही. यांना जाऊ द्यायचं माझ्यात बळ नव्हतं. पण यांचं मागणंही मला ठाऊक होतं, आणि ते हिरावून घेणारी मी कोण? त्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी तिसऱ्यानंच काहीतरी सांगावं.

फोटो निघाला. डॉक्टर अपेक्षा पडद्यासमोर बराच वेळ बसून होत्या. "हे बघा," त्या म्हणाल्या, "डाग वाढलेले नाहीत. एक तर लहान झालाय. सूजही कमी आहे. मग हे झटके का, आणि एवढी गुंगी का? मला पटत नाही. दोन दिवस इथं राहा. मला बघू दे."

"न्हाई पटलं तर सोडून द्या," हे म्हणाले. दुपार होती. पुढं काय बोलायचं ते विसरून गेले.

ॲडमिट झालो. वॉर्डात लोणंदची एक नर्स होती, शिवांजली. बोलणं चिमणीसारखं, सतत चालू. संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि ती गोळी व पाण्याचा ग्लास घेऊन आली.

"आजोबा, आ करा."

यांनी ओठ मिटले. "आता न्हाई. उद्या आहारात."

"उद्याची उद्या देते की. ही आजची संध्याकाळची."

"ती उद्या सकाळच्या बरोबर घेतो."

"दोन्ही?"

"दोन्ही, बाळ," मी सांगितलं. "त्येंचं एकाशन हाय. सगळ्या गोळ्या एकाच टायमाला घेत्यात. एक बी सोडत न्हाईत."

शिवांजलीनं गोळी परत पाकिटात टाकली. ग्लास टेबलावर ठेवला, म्हणाली, "आजी, मी आले हां," आणि निघून गेली. थोड्या वेळानं डॉक्टर अपेक्षा आल्या. पर्स खांद्यावर, म्हणजे घरी निघाल्या असाव्यात. पलंगाच्या कडेवर बसल्या.

"काका, दोन्ही गोळ्या एकदम घेता?"

"श्रावनापासनं."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि चक्क हसल्या. "मी प्रत्येक वेळी विचारलं, गोळी चुकली का? कधी घेता ते एकदाही विचारलं नाही." मग समजावलं. या गोळीचा जोर साधारण बारा तास. दोन एकदम घेतल्या की दुपारी रक्तात फार, म्हणून गुंगी, चिडचिड. पहाटेपर्यंत सगळी संपलेली, मग झटका. ताकद वाढवली तसं हे दोन्ही वाढत गेलं. "आजारानं नाही, काका. निदान मला तरी तसंच वाटतं."

हे छताकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजे दोन पाळ्यांचं पानी एकदम सोडलं. दुपारी रान तुंबलं, आन पहाटंला भेगा."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

"पर नेम हाय माझा."

"तुमचा नियम मला मोडायचा नाही. आज मी हेच औषध शिरेतून देते, तोंडानं काही नको. इथं असेपर्यंत ते चालेल. घरी नाही चालणार. घरी दिवसातून दोनदा गोळी पोटात जायला हवी. कसं, ते तुम्ही ठरवा."

ती पहाट नीट गेली. झटका आला नाही. त्यापुढच्या दुपारी हे जागे होते, पण माझ्याशी बोलत नव्हते. रागावलेले नव्हते, अडलेले होते. नियम मोडला तर शुद्ध राहून काय उपयोग, हे त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट वाचता येत होतं. मी सम्मेदला म्हटलं, "गाडी काढ."

चातुर्मास संपला होता आणि महाराज पुढच्या गावांकडं पायी विहाराला निघाले होते. चौकशी केल्यावर कळलं, कुंडलला आहेत. कुंडल माझं माहेर. लहानपणी आम्ही मुली तिथल्या डोंगरावर दर्शनाला जायचो, येताना घाणेरीची काळी फळं खाऊन जिभा जांभळ्या करून यायचो आणि आईचा मार खायचो. आता डोंगरावर पायऱ्या आहेत, कठडा आहे, आणि माझे गुडघे नाहीत. नशीब, महाराज खालच्याच बस्तीत होते.

मी सगळं सांगितलं. गोळ्या, दुपार, पहाट, आणि सल्लेखनेचं मागणंही. महाराजांनी डोळे मिटून ऐकलं.

"सूट ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"व्हय, महाराज. त्येंनी नको म्हटलं."

"मी दिलेली होती. त्यांनी उचलली नाही. ती तिथंच आहे. त्यांना म्हणावं, उचला. सूर्य असेतो औषध आणि औषधापुरतं पाणी. नियमाला काही होत नाही." मग म्हणाले, "आणि मुनीसारखं घ्यायचं असेल तर आधी मुनी व्हावं लागतं. गृहस्थाची हौस वेगळी, व्रत वेगळं."

"आन दुसरं?"

"सल्लेखना आजाराला घाबरून मागायची नसते. उपाय चालू असताना मी देणार नाही. उपाय थकतील, शरीर थकेल, तेव्हा निरोप पाठवा. मी जिथं असेन तिथून चालत येईन."

परतीच्या वाटेवर पलूसच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. सम्मेद गाडी चालवता चालवता रडत होता. मी बाहेर बघत राहिले, त्याला अवघड वाटू नये म्हणून.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा हे उशीला टेकून बसलेले. "कुठं गेलतीस?"

"कुंडलला."

"म्हायेरी? आता?"

"महाराजांकडं." आणि सांगितलं, सूट तिथंच आहे म्हणालेत, उचला.

"माझा नेम. तू कशाला इचाराय गेलीस?"

"गोळ्या मी देते म्हनून. गुंगीत तुमी असताय, जागी मी असते. तुमाला शुद्ध पायजे हुती न्हवं? मग शुद्धीत इचार करा. महाराज सूट देत्यात आन तुमी घेत न्हाई. महाराजांच्या वर तुमी काय?"

सम्मेद दारातच थबकला. मी असं कधी बोलत नाही. हे माझ्याकडं बघत राहिले, मग त्यांचा खालचा ओठ थरथरला आणि मला वाटलं, आला झटका. पण ते हसत होते.

"लय बोलाय लागलीस गं."

"तुमी गुंगीत असला की सराव करते."

"आन दुसरं काय म्हनले महाराज?"

तेही सांगितलं, अक्षर न गाळता. ऐकून हे खिडकीकडं वळले. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. मग म्हणाले, "चालत येतो म्हनले?"

"व्हय."

"मग घाई न्हाई." आणि सम्मेदला म्हणाले, "बाळा, त्या पोरीला हाक मार. अजून ऊन हाय. गोळी आन म्हनावं."

शिवांजली गोळी घेऊन आली. यांनी हात जोडले, मनात काहीतरी म्हटलं, आणि दोन घोट पाण्याबरोबर गोळी घेतली. एवढंसं ते. मला आत कुठंतरी दुखलं, आणि बरंही वाटलं.

त्यानंतर घरात नवी पद्धत पडली. सूर्य उगवला की एक गोळी, मावळायच्या आधी एक. जेवण मात्र एकदाच, त्यात यांनी रतीभर बदल केला नाही. आधी गुंगी उतरली, मग चिडचिड. दुपारी हे ओसरीवर बसून मंत्र म्हणतात. कधी एखादा शब्द अडतो. तेव्हा ते थांबतात, मीही भाजी निवडायची थांबते, आणि तो येईपर्यंत दोघंही वाट पाहतो. आतापर्यंत प्रत्येक वेळी आलेला आहे. झटका पुन्हा आलेला नाही.

याचा अर्थ आजार गेला असा नाही. डॉक्टर अपेक्षा दर वेळी ते शांतपणे सांगतात आणि आम्ही ऐकून घेतो. परवाच्या फोटोत एक डाग दिसेनासा झालाय, एक बारीक झालाय, तिसरा होता तसाच आहे. तो तिसरा काय करेल, ते कुणालाच माहीत नाही. कधी तरी निरोप पाठवावा लागेल, हे मला कळतं. यांनाही कळतं. आम्ही त्यावर आता बोलतो.

मागच्या आठवड्यात सांगलीला सलाइनसाठी गेलो होतो. लालासाहेबांची खुर्ची रिकामी होती. मी विचारायच्या आतच शिवांजली म्हणाली, त्यांची तारीख पुढं गेलीय, नातीचं लग्न आहे औंधला, आणि पत्रिका आमच्यासाठी ठेवून गेलेत. हे पत्रिका हातात धरून म्हणाले, "जेवाय नको म्हनावं, पर अक्षता टाकाय येतो."

बाटली संपली. शिवांजलीनं सुई काढून कापूस दाबला आणि पुढची तारीख सांगितली.

"त्या दिवशी न्हाई जमायचं," हे म्हणाले. "हळद काढाय लावायची हाय. मानसं ठरल्यात."

"आजोबा, औषधाची तारीख अशी हलवता येत नाही हो."

"तुझ्या डॉक्टरला इचार तर. एक दिस आदी चालंल का म्हनावं. एक दिस आदी मी मोकळाच हाय."

शिवांजलीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "इचार बाई. ऐकायचं न्हाईत ते." ती डॉक्टरांच्या खोलीकडं गेली आणि हे कापूस दाबून धरून मला सांगायला लागले की, यंदा हळदीचं बेणं कुठल्या वाफ्यातलं राखायचं.